होल्लोको : काळी, पांढरी आणि उरलेली माणसं

हंगेरीच्या उत्तरेला, बुडापेस्टपासून साधारण शंभर किलोमीटरवर, चेरहात नावाच्या बुटक्या डोंगररांगेत होल्लोको हे गाव आहे. नावाचा शेवटचा स्वर मराठीत नाही. ओठ ‘ओ’साठी गोल करून ‘ए’ म्हणायचा प्रयत्न केला की त्याच्या जवळपास जाता येतं. ‘होल्लो’ म्हणजे डोंबकावळा आणि ‘को’ म्हणजे दगड. चेरहातचं सर्वांत उंच शिखर, नासाय, जेमतेम 652 मीटरचं आहे. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला ही टेकाडंच वाटतील, पण मैदानांच्या त्या देशात ती डोंगर म्हणूनच ओळखली जातात, आणि गावाचं सगळं रूप त्या उतारांनीच घडवलेलं आहे.

1987 साली युनेस्कोने हंगेरीतल्या दोन जागा पहिल्यांदा जागतिक वारसा यादीत घेतल्या. त्यातली एक होती राजधानी बुडापेस्टचा डॅन्यूबकाठ आणि बुडाचा किल्ला, आणि दुसरी होल्लोकोचं जुनं गाव. एका बाजूला वीस लाखांचं शहर, दुसऱ्या बाजूला काही शे माणसांची वस्ती. नोंद करताना कारण दिलं गेलं ते असं, की विसाव्या शतकात शेती पालटली त्याआधीचं ग्रामीण जीवन कसं होतं, याचं हे जिवंत उदाहरण आहे. ‘जिवंत’ हा शब्द मला या प्रकरणाच्या मध्यभागी ठेवायचा आहे. कारण ज्या दशकांत हे गाव जिवंत म्हणून जपलं जात होतं, त्याच दशकांत त्यातली माणसं कमी होत होती. आज जुनं आणि नवं मिळून गावात तीन-साडेतीनशे माणसं राहतात. त्यातही जुन्या भागात, म्हणजे जो पाहायला जगभरचे लोक येतात त्या भागात, कायम वस्तीला असलेली मोजकीच.

असं का झालं याचं सोपं उत्तर बऱ्याचदा दिलं जातं: वारसा यादीत गेलं की गावाचं संग्रहालय होतं आणि माणसं निघून जातात. गावाचा इतिहास क्रमाने लावून पाहिला तर मला हे उत्तर पटत नाही. ज्या कारणाने इथली घरं टिकली, त्याच कारणाने इथली माणसं गेली, आणि ते कारण युनेस्कोच्या कितीतरी आधीचं आहे.

गड आधी, गाव नंतर

1241-42 मध्ये मंगोलांच्या धाडीने हंगेरी उद्ध्वस्त झाली. मातीच्या आणि लाकडाच्या तटबंद्या कुचकामी ठरल्या. राजा बेला चौथा याने त्यानंतर दगडी गड बांधायला सरदारांना मोकळीक दिली आणि उत्तरेच्या डोंगरांवर एकामागून एक गड उभे राहिले. होल्लोकोचा गड त्यातलाच. काचिच घराण्याने तो बांधला आणि 1310 च्या कागदात त्याचा पहिला उल्लेख येतो. काचिच मंडळी बंडखोर सरदार माते चाक याच्या बाजूने गेली, तेव्हा राजा कारोय रॉबर्टने गड त्यांच्याकडून काढून तामाश सेचेन्यीला दिला.

गावातले लोक गडाची गोष्ट वेगळी सांगतात. गडाचा मालक अंद्राश काचिच याने एका सुंदर बाईला पळवून आणून डांबून ठेवलं. तिची दाई चेटकीण होती. तिने सैतानाशी करार केला आणि सैतानाची पोरं डोंबकावळ्यांचं रूप घेऊन रात्रभर गडाचे दगड चोचीत धरून उडत राहिली. बाई सुटली. त्या दगडांचा पुन्हा जो गड रचला गेला तोच कड्यावरचा होल्लोको. या कथेत गड बांधणारा दुष्ट आहे आणि सोडवणारी दाई आहे. ती गडावरच्यांनी नव्हे, गडाखालच्यांनी रचलेली आहे हे मला त्यातून दिसतं.

गावाची वस्ती सुरुवातीला गडालगत होती. 1552 मध्ये उस्मानी फौजांनी शेजारचं सेचेन्य आणि हा गड दोन्ही घेतले. 1593 मध्ये ते परत मिळाले, 1663 मध्ये पुन्हा गेले आणि 1683 मध्ये पोलंडचा राजा यान सोबिएस्की याच्या फौजेने ते सोडवले. चार ओळींत उरकणारा हा मजकूर जगायला सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लागला. नोग्राद, म्हणजे होल्लोको ज्यात येतं तो जिल्हा, तेव्हा सरहद्दीचा मुलूख होता आणि सरहद्दीच्या गावांना दोन्हीकडून कर पडे. एकीकडे सुलतानाचा महसूल, दुसरीकडे पळून गेलेला पण हक्क न सोडणारा हंगेरियन जमीनदार. अशा मुलखात गावं ओस पडत, पुन्हा बसत, पुन्हा ओस पडत. म्हणजे ‘पूर्वी गाव भरलेलं होतं आणि आता रिकामं होतंय’ असं सरळ चित्र होल्लोकोचं कधीच नव्हतं.

तुर्क गेल्यावर गडाचं काम संपलं. हॅब्सबर्गांविरुद्धचा राकोत्सीचा उठाव 1703 ते 1711 चालला. त्यानंतर गड पाडायचं ठरलं, पण तो पूर्ण पाडला गेला नाही. माणसं खाली खोऱ्यात उतरली आणि आज दिसतं ते गाव सतराव्या-अठराव्या शतकात तिथे वसलं. गडाला पाण्याची, शेताला उताराची आणि माणसाला वाऱ्यापासून आडोशाची गरज असते. लढाईची भीती संपली तेव्हा तिसऱ्या गरजेने गावाची जागा ठरवली.

भाऊबंदांचं गाव

इथली माणसं पालोत्स म्हणून ओळखली जातात. ते हंगेरियनच बोलतात, पण त्यांची बोली कानाला लगेच वेगळी लागते, विशेषतः त्यांचे ‘अ’ आणि ‘आ’. पालोत्स हे नाव ‘पोलोवेत्स’ या स्लाव शब्दाशी, म्हणजे पूर्वेच्या गवताळ मैदानांवरून आलेल्या कुमान टोळ्यांच्या नावाशी जोडलं जातं. धर्माने ते रोमन कॅथलिक. त्यांचं खरं वेगळेपण मात्र कुटुंबात आणि घराच्या मांडणीत आहे, आणि लोकसंख्येचा प्रश्न समजून घ्यायचा तर तिथेच थांबायला हवं.

पालोत्सांचं एकत्र कुटुंब मोठं असे. बापाच्या हाताखाली लग्न झालेले मुलगे, सुना, नातवंडं, सगळे एका चुलीवर. घरचा कारभारी म्हणजे ‘गाझदा’. शेतात कोण जाणार, बाजारात काय विकायचं, पैसा कुठे खर्चायचा हे तो ठरवी. त्याची बायको घरातल्या बायकांची कामं वाटून देई. एकाच मूळ पुरुषाची घरं एकमेकांना लागून असत आणि त्या भाऊबंदांच्या समूहाला ‘हाद’ म्हणत. हे वाचताना मराठी माणसाला फार समजावून सांगावं लागत नाही.

घर लांबट, अरुंद आणि तीन खणांचं. रस्त्याकडेला ‘तिस्ता सोबा’, म्हणजे स्वच्छ खोली. तिथे रंगवलेलं सामान, उशांची उतरंड, देवाच्या तसबिरी. तिचा रोजचा वापर बेताचाच. मधल्या खणात चूल. मागे कोठीची खोली. बाहेरून लाकडी खांबांची ओसरी, आणि तिच्या कठड्याच्या फळ्यांवर कोरीव नक्षी. उतारावर बांधलेलं असल्याने खालच्या बाजूला घराच्या पोटात दगडी तळघर. एवढ्या जागेत तीन पिढ्या मावत कशा? पुरुष निजायला गोठ्यात जात, ऊब जनावरांची. सुना आपल्या पोरांना घेऊन कोठीच्या खोलीत निजत, तिथे शेकोटी नसे. बाळंतिणीसाठी पलंगाभोवती चादरींचा तंबू बांधत आणि बाई बाळाला घेऊन त्या आडोशात राही. बाहेरून सुबक दिसणाऱ्या या ओसऱ्यांच्या मागे थंडीत कुडकुडणाऱ्या सुना होत्या, हे लक्षात ठेवलं की त्यांच्या मुली-नाती गाव सोडून का गेल्या ते निराळ्या अंगाने कळतं.

गाव वाढलं तेही भाऊबंदकीच्या हिशेबानेच. आधीच्या पिढीने मुख्य रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरं बांधली. पुढच्या पिढ्यांनी नवी जागा न शोधता त्याच अरुंद पट्टीत मागे मागे घरं घातली. त्यामुळे रस्त्यावरून एक घर दिसतं आणि आत शिरलं की परसात एकामागे एक आणखी घरं लागतात. धान्याची कोठारं मात्र वस्तीत नाहीत. ती पालोत्स रीतीप्रमाणे गावाबाहेर, शेतांच्या कडेला. आगीची भीती हे त्यामागचं एक शहाणपण असावं.

जमिनीचंही तसंच. वाटणीत प्रत्येक भावाला प्रत्येक प्रकारच्या जमिनीतला वाटा हवा, म्हणून शेतं उभी चिरली जात. हंगेरियन भाषेत अशा तुकड्याला ‘विजारीच्या पट्ट्याएवढं शेत’ म्हणतात. उतारावरचे हे अरुंद पट्टे, त्यांच्यामध्ये फळबागा, द्राक्षमळे, कुरणं आणि वर रान. युनेस्कोच्या नोंदीचं मला सर्वांत मोल वाटतं ते इथे. त्या नोंदीत फक्त घरं नाहीत. गावठाणाबरोबर भोवतीचे पट्टे, बागा, रान आणि गड असा सगळा परिसर त्यात आहे, आणि नावातच ‘जुनं गाव आणि त्याचा परिसर’ असं म्हटलेलं आहे. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचं तर पांढरीबरोबर काळीही धरलेली आहे. ज्यांनी ही नोंद लिहिली त्यांना गाव म्हणजे काय ते बरोबर कळलं होतं.

1909 ची आग

लाकूड, कुडाच्या भिंती आणि गवताची छपरं असलेल्या गावाला आग नवी नव्हती. जळायचं आणि पुन्हा बांधायचं, हे होल्लोकोत अनेकदा झालं. शेवटची मोठी आग 1909 ची. तिच्यात गाव जवळजवळ सगळं गेलं.

आज जे आपण पाहतो ते त्या आगीनंतरचं बांधकाम आहे. पाया दगडाचा झाला, भिंती कच्च्या विटांच्या आणि वरून चुन्याने पांढऱ्या, छपरावर गवताऐवजी कौलं आली. पण घराची लांबी-रुंदी, तीन खण, ओसरी, परसात मागे मागे सरकत जाणारी रांग, हे सगळं जसंच्या तसं राहिलं. वारसा म्हटलं की आपण वय मोजतो आणि मग ‘म्हणजे हे गाव जेमतेम शंभर वर्षांचं’ असं म्हणून थोडे हिरमुसतो. मी याकडे उलट पाहतो. राख झालेल्या जागेवर उभं राहून माणसांनी पुन्हा तसंच घर बांधलं, कारण त्यांची पट्टी तीच होती, भाऊबंद तेच होते आणि घर बांधायची रीत हातात होती. त्या वेळी गावात ती रीत माहीत असलेली आणि ज्यांना राहायलाच घर हवं होतं अशी माणसं होती. ही अट पुढे लागत नाही, म्हणून तिची नोंद आत्ताच करून ठेवतो.

आगीआधी वीस वर्षं, 1889 मध्ये, गावात संत मार्टिनचं चर्च उभं राहिलं. रस्त्याला जिथे दोन फाटे फुटतात त्या बेचक्यात ते आहे. पांढऱ्या भिंती आणि वर लाकडी फळकुटांनी मढवलेला मनोरा. आकाराने ते गावातल्या घरांचंच भावंड वाटतं.

माणसं जायला लागली

4 जून 1920 च्या त्रियानोनच्या तहाने हंगेरीचा मोठा भाग गेला आणि नोग्राद जिल्हाही मधोमध कापला गेला. इपोय नदीकाठी सरहद्द आली. लोशोन्त्ससारखं बाजारपेठेचं शहर पलीकडे चेकोस्लोव्हाकियात गेलं. जे मध्यावर होतं ते कडेला आलं. डोंगरातल्या गावाला अशा नकाशाचा फटका हळू बसतो, पण बसतो: बाजार दूर जातो, रस्ते दुसरीकडे वळतात, नव्या गोष्टी उशिरा पोहोचतात.

होल्लोको तसंही गरीब होतं. उताराची हलकी जमीन, तुकडे झालेली. पैसा असता तर 1920 ते 1950 च्या दरम्यान इथल्या लोकांनी घरं पाडून नव्या तऱ्हेची चौकोनी घरं बांधली असती. आजूबाजूच्या ज्या गावांना जमलं त्यांनी तेच केलं. होल्लोकोला जमलं नाही आणि म्हणून घरं राहिली. संवर्धनाची भाषा बोलताना आपण ‘लोकांनी परंपरा जपली’ असं म्हणतो. काही प्रमाणात ते खरंही आहे, आपला पेहराव आणि सणवार इथल्या बायकांनी मनापासून जपले. पण घरांच्या बाबतीत मोठा वाटा नाइलाजाचा होता, हे स्पष्ट म्हणायला हवं.

त्याच नाइलाजाने माणसं बाहेर पडली. जिल्ह्याच्या पूर्वेला शाल्गोतार्यानमध्ये दगडी कोळशाच्या खाणी होत्या, लोखंड-पोलादाचा कारखाना होता, काचेचा कारखाना होता. 1950 मध्ये जिल्ह्याचं मुख्य ठिकाणही बालाश्शाज्यारमातहून तिथे हलवलं गेलं. 1959 ते 1961 या काळात हंगेरीत सामूहिक शेतीची अखेरची आणि सर्वांत जोरदार मोहीम झाली. विजारीच्या पट्ट्यांचे बांध मोडले आणि जमीन सहकारी शेतात गेली. इथे एक कडी तुटली. पट्टा होता तोवर मुलगा बापाच्या हाताखाली राहत होता, कारण वाटणीत त्याला तो पट्टा मिळणार होता. पट्टाच उरला नाही तर गाझदाच्या हुकमात राहायचं कशाला? खाणीत महिन्याच्या महिन्याला पगार होता. एकत्र कुटुंब मोडायला शहराची ओढ जितकी कारण झाली तितकंच हेही.

बायकांच्या बाबतीत या बदलाला हंगेरियनमध्ये एक खास शब्द आहे, ‘किवेत्कोझेश’, म्हणजे पारंपरिक पेहराव कायमचा उतरवणं. पालोत्स बाईचा पेहराव म्हणजे एकावर एक परकर, रंगीत ओढण्या, लग्न झालेलीच्या डोक्यावर मण्यांनी मढवलेली टोपी. कारखान्यात, दवाखान्यात, राजधानीत कामाला गेलेली मुलगी तो उतरवून साधा झगा घाले. एखादीने एकदा तो उतरवला की ती पुन्हा तो नेहमीसाठी घालत नसे. गावातली कोणती बाई कोणत्या वर्षी ‘उतरली’ हे लोक लक्षात ठेवत. जनगणनेच्या रकान्यात हे येत नाही, पण गाव सोडण्याची सुरुवात कित्येकींच्या बाबतीत तिथून झाली.

एकच सरकार, दोन धोरणं

1971 मध्ये हंगेरी सरकारने देशभरच्या वस्त्यांचा एक आराखडा मंजूर केला. प्रत्येक गावाला आणि शहराला त्यात एक दर्जा दिला. कोणती केंद्रं वाढवायची, शाळा-दवाखाने-दुकानं कुठे एकवटायची हे त्यावरून ठरणार होतं. ज्यांना काहीच भूमिका दिली नाही अशी गावं दोन हजारांच्या घरात होती. त्यांच्यावर कुणी बुलडोझर चालवला नाही. तिथे फक्त नवं काही घातलं गेलं नाही. शाळा शेजारच्या गावात विलीन झाली, पंचायत एकत्र केली गेली, सहकारी शेतं जोडली गेली. बालवाडी नसलेल्या गावात तरुण जोडपं राहत नाही. हे साधं गणित आहे आणि त्याने हंगेरीतली हजारभर लहान गावं दोन दशकांत म्हातारी केली. आजही देशातल्या सुमारे 3,150 वस्त्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वस्त्यांत पाचशेपेक्षा कमी लोक राहतात.

नेमकं याच काळात होल्लोकोकडे वास्तुसंवर्धन खात्याचं लक्ष गेलं होतं. गडाची डागडुजी 1966 पासून सुरू झाली. जुन्या गावातली घरं संरक्षित ठरली. 1977 मध्ये भोवतालच्या जमिनीला संरक्षित निसर्गपरिसराचा दर्जा मिळाला. त्या परिसराची देखरेख आज ब्युक राष्ट्रीय उद्यानाच्या प्रशासनाकडे आहे. पडून राहिलेली घरं विकत घेऊन दुरुस्त करायची आणि तिथे पाहुण्यांच्या खोल्या, संग्रहालय, हस्तकलेची दुकानं काढायची, ही कल्पनाही याच वर्षांतली. म्हणजे सरकारचा एक विभाग लहान गावांना वाढ नाकारत होता आणि दुसरा विभाग त्यातल्याच एका गावाच्या भिंतींना चुना लावत होता. दोघांपैकी कुणाच्याही कागदावर तिथल्या पोरांची शाळा हा मुख्य विषय नव्हता. हंगेरीने 1985 मध्ये जागतिक वारसा करार स्वीकारला आणि दोन वर्षांत होल्लोकोचं नाव यादीत गेलं, ते या तयारीच्या जोरावर.

क्रम असा आहे. आधी पट्टे गेले, मग मुलगे गेले, मग सोयी आटल्या, मग घरं रिकामी झाली, मग ती विकत घेतली गेली, आणि त्यानंतर 1987. युनेस्कोने गाव रिकामं केलं असं म्हणणारे या साखळीची शेवटची कडी तेवढी पाहतात.

लोकसंख्या मोजताना

गावातून माणसं कमी झाली असं म्हणताना तीन निरनिराळ्या गोष्टी आपण एकत्र करतो. त्या वेगळ्या काढल्या तरच हे प्रकरण उलगडतं.

पहिली, शहराकडे गेलेली माणसं. त्यांच्याबद्दल वर लिहिलं. 1990 नंतर कम्युनिस्ट राजवट गेली, सहकारी शेतं मोडली, नोग्रादच्या खाणी बंद पडल्या. ज्या शाल्गोतार्यानच्या ओढीने माणसं गेली होती, ते शहरच उतरणीला लागलं. पण त्यामुळे कुणी गावात परत आलं नाही, माणसं आणखी लांब गेली.

दुसरी, गावातल्या गावात हललेली माणसं. जुन्या गावाला लागून वरच्या बाजूला नवं गाव आहे. तिथे न्हाणीघर, गाडी ठेवायची जागा, मुलांना वेगळी खोली अशी घरं बांधता आली. जुन्या भागात संरक्षित घराची खिडकी बदलायलासुद्धा परवानगी लागते. दोन पोरांच्या संसाराने वर जाऊन घर बांधलं तर त्याने गाव सोडलं असं म्हणता येत नाही. तो फक्त पाच-दहा मिनिटं चालत दूर गेला. पण प्रवाशाच्या नजरेला जुना रस्ता रिकामा दिसतो आणि ‘गाव ओस पडलं’ असं तो लिहून मोकळा होतो.

तिसरी गोष्ट सगळ्या देशाची आहे. हंगेरीची लोकसंख्या 1980 च्या जनगणनेत 1 कोटी 7 लाखांवर होती. तिथून ती उतरत गेली आणि 2022 च्या जनगणनेत 96 लाखांवर आली. चार दशकांत 11 लाख माणसं कमी, त्यात मोठा भाग जन्मांपेक्षा मृत्यू जास्त असण्याचा. देशच आटत असताना डोंगरातल्या तीन-साडेतीनशे वस्तीच्या गावाने वाढायचं म्हटलं तर त्याला दुसऱ्या कुठल्या तरी गावाची पोरं आपल्याकडे आणावी लागतील. होल्लोकोची घसरण देशाच्या घसरणीच्या पार्श्वभूमीवर ठेवली नाही, तर वारसा-दर्जाच्या माथी नको तेवढं पाप येतं.

या तिन्ही वजा केल्यावर उरतो तो वारसा-दर्जाचा खरा परिणाम. रिकाम्या झालेल्या घरात पुढे कोण येणार, हे त्याने ठरवलं. दर्जा नसता तर ती घरं पडली असती किंवा राजधानीतल्या कुणी सुट्टीसाठी घेऊन हवी तशी बदलली असती. दर्जामुळे तिथे मातीची भांडी, विणकाम, बाहुल्या, टपालाचं लहानसं संग्रहालय आणि पाहुण्यांच्या खोल्या आल्या. कोठीच्या ज्या खोलीत सून पोरांना घेऊन थंडीत निजायची तिथे आता गरम पाण्याची सोय असलेला पाहुणा निजतो. यात मला वाईट वाटावं असं काही नाही. फक्त त्या पाहुण्याला शाळा लागत नाही आणि तो नोव्हेंबरात येत नाही.

ईस्टरचे दोन दिवस

गावाचं सर्वांत गजबजलेलं रूप ईस्टरला दिसतं. सोमवारी मुलगे मुलींना अंगणात ओढून आणतात आणि बादल्यांनी पाणी ओततात. हंगेरीभर हा दिवस पाळला जातो, शहरात अत्तराचे चार थेंब शिंपडून भागवतात, पण होल्लोकोत बादलीच लागते. भिजलेली मुलगी मुलाला रंगवलेलं अंडं देते. वर्षभर पेटीत असलेले परकर त्या दिवशी बाहेर निघतात आणि हजारो लोक ते पाहायला येतात.

याला देखावा म्हणून नाक मुरडणारे आहेत. मी त्यांच्यातला नाही. परकर घालायचे कसे, इस्त्री कशी करायची, टोपी कशी बांधायची हे ज्ञान हातातून हातात जातं, आणि ते जायला वर्षातला एक दिवस तरी असावा लागतो. मात्र ‘पालोत्स’ म्हणून जे काही विकलं जातं ते सगळं डोंगरातून आलेलं आहे असंही समजू नये. पालोत्स सूप हे चांगलं उदाहरण. मटण, फरसबी, बटाटे आणि आंबट साय घातलेलं हे सूप 1892 मध्ये बुडापेस्टच्या यानोश गुंडेल या हॉटेलवाल्याने लेखक कालमान मिक्सात याच्या सन्मानार्थ केलं. मिक्सात पालोत्स मुलखातला, आणि त्याने त्या लोकांच्या कथा लिहून नाव कमावलेलं. राजधानीत शिजलेलं ते सूप पुढे पालोत्स गावांच्या खाणावळीत येऊन बसलं. चवीला ते चांगलं आहे आणि आता त्यांचंच आहे, पण प्रवासाची दिशा लक्षात घेण्यासारखी आहे.

ईस्टरचं उत्पन्न आणि उन्हाळ्यातलं उत्पन्न यांवर गावाला बारा महिने काढावे लागतात. दुकानदार, खोल्या झाडणाऱ्या बायका, गडावर तिकीट देणारा, यांतले कित्येक रोज आजूबाजूच्या गावांतून कामाला येतात. तेव्हा होल्लोकोच्या वारशाने जिवंत ठेवलेला पैसा काही प्रमाणात शेजारच्या गावांच्या चुलीवरही शिजतो. या प्रकरणाचं मोजमाप एका गावाच्या हद्दीत केलं तर हा भाग हिशेबातून निसटतो.

1909 ची जी नोंद मी मुद्दाम बाजूला ठेवली होती, तिच्याकडे आता येतो. त्या वर्षी घर बांधणारा आणि घरात राहणारा एकच होता. आज होल्लोकोत घर सांभाळणारी संस्था वेगळी, नियम करणारं खातं वेगळं, निजणारा पाहुणा वेगळा आणि राहणारी माणसं वर नव्या गावात. उद्या जुन्या गावाला आग लागली तर ते हुबेहूब पुन्हा उभं करायला नकाशे आहेत, छायाचित्रं आहेत, निधीही मिळेल. परंतु कुणाला राहायला घर हवंय म्हणून ते बांधलं जाणार नाही.

पट्ट्यांची शेती संरक्षित परिसरात थोडी पुन्हा आणली गेली. बागाही सांभाळल्या जातात. ते काम बहुतेक संवर्धनाच्या खात्यातून चालतं, पिकाच्या आशेवर नाही. या सगळ्यात एकच जागा अशी आहे, जिला अजून दुसरा उपयोग शोधावा लागलेला नाही. दोन रस्त्यांच्या बेचक्यातलं ते 1889 चं चर्च. ते संग्रहालय झालं नाही. नव्या गावालाही दुसरं चर्च नाही, त्यामुळे प्रार्थनेला वरची माणसं उतार उतरून जुन्या रस्त्यानेच येतात, त्याच पांढऱ्या भिंतींत बसतात, आणि परत वर जातात.